मोडत आलेल्या मैफलीची रेकॉर्ड

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. मधे वाजवून दाखवलेल्या तुकड्यांच्या जागा कंसात दिल्या आहेत.)



समितीनं सांगितलं की प्रत्येक वक्त्यानं आपल्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोलायचं. काल मधुमेहावर एक उत्तम व्याख्यान झालं आणि त्यानंतरच्या पंगतीत पहिली संपली ती जिलेबी. त्यामुळे माझ्या बोलण्यानं कुणाच्या आयुष्यात काही फरक पडेल अशी भीती मला अजिबात नाही. मोकळेपणानं बोलतो.

मी एका रेकॉर्डबद्दल बोलणार आहे. एकाच. तिचं नाव 'बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी', म्हणजे शून्य आणि अनंत यांच्या मधे. वाजवणाऱ्या संचाचं नाव 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'. मागच्या रांगेत कुणीतरी हात जोडलेले दिसतायत, ते सोडा. हे भजनी मंडळ नव्हे. विजेची गिटार, विजेचं व्हायोलिन, सिंथेसायझर, बेस गिटार आणि ड्रम्स, एवढा ऐवज घेऊन पाच माणसं १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात वाजवत होती, त्याचं हे ध्वनिमुद्रण. एकूण बेचाळीस मिनिटांचं. रेकॉर्ड बाजारात आली त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि वर्ष संपता संपता संच मोडला. ते पाच जण पुन्हा एकत्र मंचावर कधीच आले नाहीत. स्नेहमेळाव्यात अशा मंडळींची गोष्ट सांगणं जरा अप्रस्तुत आहे खरं, पण मला दुसरी कुठली रेकॉर्ड इतकी पाठ नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅझमध्ये एखादी धून घेतात आणि जागेवर सुचेल तशी फुलवत नेतात, त्यामुळे आपल्याला ते फार परकं वाटायचं कारण नाही. रॉक म्हणजे ठाशीव ठेका आणि शेजाऱ्यानं दार वाजवावं इतका आवाज. साठचं दशक संपताना माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकानं दोन्हींचा संसार मांडून दिला. १९६९ साली त्यानं 'बिचेस ब्रू' नावाचा अल्बम मुद्रित केला, त्यात गिटारवर इंग्लंडच्या यॉर्कशरचा एक तरुण होता, जॉन मॅक्लॉफ्लिन. त्या अल्बममधल्या एका चिजेचं नावच 'जॉन मॅक्लॉफ्लिन' असं आहे. म्हणजे तिशीच्या आतच माइल्ससारख्यानं आपलं नाव रेकॉर्डवर घातलेलं त्यानं पाहिलं. हे ध्यानात ठेवा. नाव कुणाचं लागतं, हा पुढच्या सगळ्या गोष्टीचा कळीचा मुद्दा आहे.

हा मॅक्लॉफ्लिन न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय यांचा शिष्य झाला. ते मूळचे चितगावचे बंगाली. त्यांनी शिष्याला 'महाविष्णू' हे नाव दिलं आणि १९७१ साली त्यानं संच बांधला तो त्याच नावानं. पांढरे कपडे, आखूड केस, हातात दोन दांड्यांची गिटार, एका दांडीवर सहा तारा आणि दुसरीवर बारा. वाजवण्याआधी श्रोत्यांना थोडा वेळ मौन पाळायला सांगायचा. रॉकच्या मैफलीला आलेली पोरं ती, मौन पाळायची म्हणजे केवढी गोष्ट! आणि मौन संपलं की असा काही आवाज सुटायचा की पाळलं ते बरंच झालं असं वाटावं.

बाकीचे चौघे त्या गुरूंचे शिष्य नव्हते. ड्रम्सवर बिली कोबम, जन्म पनामाचा, वाढला न्यूयॉर्कात. आपल्याकडे डावखुऱ्याला लहानपणी हातावर पट्टी मारून उजवा करत; या माणसानं दोन्ही हात मोकळे ठेवले, हात एकमेकांवरून आडवे न घेता वाजवायचा, आणि पायाशी एकाऐवजी दोन मोठे ढोल. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन. कळपट्ट्यांवर यान हॅमर, प्राग शहराचा. १९६८ मध्ये रशियन रणगाडे आले तेव्हा देश सोडून अमेरिकेला गेलेला. आणि बेस गिटारवर डब्लिनचा रिक लेअर्ड. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण या रेकॉर्डवर माझं मन बसलं ते त्याच्यामुळे.

(इथे 'ट्रिलजी'च्या सुरुवातीची दोन मिनिटं वाजवली.)

कानांवरचे हात काढायला हरकत नाही, थांबवलंय.

आपण मिरजेची माणसं. शाळेत यायच्या वाटेवर सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत घातलेले असायचे आणि कुणीतरी जवारी काढत बसलेला असायचा. तोच स्वर, पुन्हा तोच, तासन्‌तास, खर निघेपर्यंत. उरुसात दर्ग्यापाशी रात्रभर गाणं. ज्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं त्यांनाही तंबोरा लागलाय की उतरलाय एवढं कळायचं. म्हणून मी म्हणतो की हे संगीत आपल्याला कळायला अवघड नाही, फक्त आवाजाची भीती जायला हवी. त्यांच्या आधीच्या अल्बममधली शीर्षक धून, 'बर्ड्स ऑफ फायर', अठरा मात्रांच्या आवर्तनात आहे. अमेरिकेतल्या श्रोत्याला चारात मोजायची सवय, तो गोंधळतो. आपल्या संगीताच्या सरांनी वर्गात धमार हातावर धरायला लावला होता, चौदा मात्रांचा, आणि सम चुकली की खडू येऊन लागायचा. अठरा म्हणजे आपल्याला चारच मात्रा जास्त.

दुसरी गोष्ट मिंडेची. हॅमरच्या सिंथेसायझरला डाव्या हाताशी एक चाक असतं. ते फिरवलं की स्वर वर किंवा खाली सरकतो. पियानोला हे कधीच जमत नाही, पेटीलाही नाही. म्हणून तर आपल्याकडे पेटीवरून एवढे वाद झाले आणि आकाशवाणीनं कित्येक वर्षं तिला दारात उभं केलं नाही. हॅमरनं ते चाक असं काही साधलं की गिटार कुठे संपली आणि त्याची कळपट्टी कुठे सुरू झाली हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. व्हायोलिन तर मिंडेचंच वाद्य. म्हणजे तीन जण एकाच बोलीत बोलतायत, एकमेकांचं वाक्य तोडतायत, पुरं करतायत, पळवतायत.

आता भांडणाकडे येतो, कारण तुम्ही सगळे त्याचीच वाट बघताय.

संचाचे पहिले दोन अल्बम, 'दी इनर माउंटिंग फ्लेम' आणि 'बर्ड्स ऑफ फायर', लोकांनी डोक्यावर घेतले. दोन्हींवरची एकूण एक रचना मॅक्लॉफ्लिनच्या नावावर आहे. तिसऱ्या अल्बमच्या वेळी बाकीचे म्हणाले, आमच्याही धुना आहेत, त्या घ्या. १९७३ च्या जूनमध्ये हे पाच जण लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत बसले. हॅमरची एक धून झाली, गुडमनची एक झाली, लेअर्डची एक झाली, बाकीच्या मॅक्लॉफ्लिनच्या. दोन वर्षं सतत दौरे, एकाच गाडीत, एकाच विमानात. एक जण ध्यानाला बसणार, बाकीच्यांना त्यात गोडी नाही. वर्तमानपत्रांत फोटो एकाचा. कुरबुर इतकी वाढली की तयार होत आलेला अल्बम कपाटात गेला.

कंपनीला मात्र तिसरी रेकॉर्ड हवी होती. मग तोड काय निघाली, तर मैफलीचं ध्वनिमुद्रण.

सेंट्रल पार्कात हिवाळ्यात बर्फावर घसरण्यासाठी केलेलं एक मैदान आहे, वोलमन रिंक. उन्हाळ्यात बर्फ नसतो, म्हणून तिथे मैफली होत, एका बिअर कंपनीच्या खर्चानं आणि स्वस्त तिकिटात. तिथे ऑगस्टमध्ये यांनी वाजवलं. 'लाइव्ह' रेकॉर्ड म्हणजे साधारणपणे जुनी गाजलेली गाणी पुन्हा, टाळ्यांसकट. ही तशी नाही. हिच्यावरच्या तिन्ही रचना तोपर्यंत कुठल्याच रेकॉर्डवर आलेल्या नव्हत्या. म्हणजे दुकानातून ती घरी नेलेल्या माणसाला ओळखीचं एक अक्षरही ऐकू आलं नाही. नव्या चिजा, उघड्यावर, दुरुस्तीला जागा नाही, आणि वाजवणाऱ्यांची मनं एकमेकांतून उठलेली. अशा परिस्थितीत आपल्याकडे गायक 'घसा बसलाय' म्हणून निरोप पाठवतो.

पहिल्या बाजूला दोन रचना. 'ट्रिलजी' बारा मिनिटांची, तीन भागांची. भागांची नावं मला फार आवडतात: उन्हातली वाट, समुद्राची आई, आणि उद्याची गोष्ट आजसारखी नाही. शेवटचं नाव ठेवताना ठेवणाऱ्याला आपल्या संचाचं भविष्य माहीत होतं की काय, असं वाटून जातं. नंतर 'सिस्टर अँड्रिया', ही हॅमरची. चारांच्या धुनांपैकी, म्हणजे मॅक्लॉफ्लिन सोडून बाकीच्यांच्या, रेकॉर्डवर चढलेली ही एकटी. हिचा ठेका मान डोलवणारा, गावठी म्हणावा असा, आणि त्यावर मॅक्लॉफ्लिनची गिटार अशी तुटून पडते की धून दुसऱ्याची आहे याचा विसर पडावा. मित्राच्या लग्नात सगळ्यात जास्त नाचणारा असतो ना, तसं. मला तरी त्यात मत्सर ऐकू येत नाही. ज्यांना येतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी पूर्ण बाजू म्हणजे 'ड्रीम'. एकवीस मिनिटं. सुरुवात आलापीसारखी, संथ, कुणाला कसली घाई नाही. मग हळूहळू लय धरते, चढते, मोडते, पुन्हा धरते. मधे गिटार आणि ड्रम्स यांचे सवाल-जवाब आहेत. नुसतं जोरात वाजवणं नाही ते. एकानं टाकलेला तुकडा दुसरा उचलतो आणि एक मात्रा वाढवून परत देतो. आपल्याकडे सतारिया आणि तबलजी हे करतात तेव्हा निदान हसतात तरी एकमेकांकडे बघून. इथे हसले की नाही ते रेकॉर्डवर ऐकू येत नाही.

(इथे 'ड्रीम'मधला साधारण चार मिनिटांचा तुकडा वाजवला.)

ज्या लंडनच्या फिती कपाटात गेल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. सव्वीस वर्षं. मधे आपण दहावी झालो, नोकऱ्या लागल्या, काहींची मुलं दहावी झाली. १९९९ साली कंपनीनं त्या 'द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स' या नावानं काढल्या. मी तेव्हा बँकेच्या मुंबईतल्या शाखेत होतो. ऱ्हिदम हाऊसमध्ये ती सीडी हातात आली तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी संपलेली होती, पण मी ती तिथेच पूर्ण ऐकली.

आता दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात आणि फरक कळतो. स्टुडिओतला 'ड्रीम' अकरा मिनिटांचा आहे. स्वच्छ, घासूनपुसून, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. सेंट्रल पार्कातला जवळजवळ दुप्पट. जास्तीची दहा मिनिटं आली कुठून? धून तीच, माणसं तीच, मधे दोन महिने गेलेले आणि संबंध आणखी बिघडलेले. मला विचाराल तर ती दहा मिनिटं ऐकण्याची आहेत. म्हणजे वाजवताना एकमेकांचं ऐकण्याची. स्टुडिओत पुढे काय येणार ते ठरलेलं असतं. मैदानावर दुसरा काय करतोय याकडे कान लावल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. मंचाखाली एकमेकांचं न पटणारी माणसं मंचावर एवढ्या बारकाईनं एकमेकांचं ऐकत होती, याचा पुरावा म्हणून मी ही रेकॉर्ड जपून ठेवली आहे.

पण याचा अर्थ भांडण फुकाचं होतं असा कुणी काढू नये. कलावंतांच्या भांडणाकडे आपण जरा कौतुकानं बघतो: मोठी माणसं, मोठे अहंकार, चालायचंच. मला ते पटत नाही. भांडण एका साध्या, न्याय्य गोष्टीवरून होतं. मी केलेली चीज माझ्या नावानं वाजावी, एवढीच मागणी. ती मागणारे तिघे होते. पुरी झाली ती एकाची. गुडमनची 'आय वंडर' आणि लेअर्डची 'स्टेपिंग्ज टोन्स', दोन्ही जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या, एकवीस मिनिटांच्या 'ड्रीम'पुढे त्यांना रेकॉर्डवर जागा मिळाली नाही.

आपल्या घरात डोकावून बघा. जुन्या काळ्या तबकड्यांवर गायकाचं नाव ठळक, रागाचं नाव, कंपनीचं चित्र. साथीला तबल्यावर कोण, सारंगीवर कोण? बहुतेक तबकड्यांवर एक अक्षर नाही. तीन मिनिटं जो तुम्हाला ताल धरून देतो आहे तो माणूस कोण, हे आता कुणाला सांगता येणार नाही.

आणि तेवढं लांब जायलाही नको. १९७८ च्या आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववी 'ब'चा वाद्यवृंद झाला होता. आठवतो का? दोन पेट्या, एक बुलबुलतरंग, एक व्हायोलिन, तबल्यावर मी आणि झांजा वाजवणारा तो, जो आता समोर बसून मोबाइल बघतोय. दुर्गा रागातली धून वाजवली होती आपण. पडद्यामागून निवेदकानं जाहीर केलं, 'आता ऐकू या एक पारंपरिक धून.' पत्रिकेतही तसंच छापलं होतं. ती पारंपरिक नव्हती. ती आपल्याच वर्गातल्या एका मुलीनं केली होती. चौदा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या पेटीवर बसवून आणली, आम्हाला एकेक ओळ शिकवली, तिहाई कुठे घ्यायची ते मला सांगितलं, आणि ते बरोबर होतं. कुणी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. धून चांगली होती, म्हणून कुणालाही वाटलं की कुठून तरी जुनी घेतली असणार. आज ती या सभागृहात आहे आणि तिची धून होती हे सत्तेचाळीस वर्षांनी माइकवरून सांगावं असं मला वाटलं, म्हणून मी समितीला हाच विषय दिला. तिचं नाव — (सभागृहात नाव घेतलं आणि टाळ्या झाल्या. स्मरणिकेत छापताना ते वगळावं असा तिचा निरोप आला, म्हणून इथे नाही. वक्त्याचा आग्रह चालला नाही.)

काल रात्री मी तिला विचारलं, पुढे वाजवत राहिलीस का? नाही म्हणाली. कारण? म्हणाली, कारण असं काही नाही, पेटी भावाकडे गेली.

बरं. त्या पाच जणांचं पुढे काय झालं ते पटकन सांगतो. हॅमरनं 'मायामी व्हाइस' या टीव्ही मालिकेची धून केली, ती १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तुमच्यापैकी अनेकांनी ती नकळत ऐकली असेल. त्याआधी त्यानं आणि गुडमननं मिळून एक रेकॉर्ड केली. कोबमनं स्वतःचे संच काढले आणि ड्रम वाजवणाऱ्यांच्या पिढ्या त्याच्याकडे बघून शिकल्या. मॅक्लॉफ्लिननं महाविष्णूचाच दुसरा संच बांधला, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर अल्बम केला, आणि मग एक फार मोठी कलाटणी घेतली. डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला बसला. विजेची गिटार बाजूला ठेवून अशी साधी गिटार करून घेतली की जिच्यावर आडव्या जास्तीच्या तारा होत्या, आपल्या सतारीच्या तरफांसारख्या. आपल्या गल्लीतल्या कारागिरांना ती दाखवायला हवी होती. ती घेऊन तो एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांचा तबला यांच्याबरोबर मांडी घालून बसला. संचाचं नाव 'शक्ती'. त्यांची पहिली रेकॉर्डसुद्धा मैफलीचीच, १९७५ च्या जुलैमधली. म्हणजे सेंट्रल पार्कनंतर दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

हे नातं मात्र तुटलं नाही. मधे खंड पडला, माणसं बदलली, पण मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाई पुन्हा पुन्हा एकत्र आले. २००० सालच्या डिसेंबरात मुंबईत त्यांनी वाजवलं, त्याचीही 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' म्हणून रेकॉर्ड आहे. शिवकुमार शर्मा आहेत त्यात, शंकर महादेवन आहेत. 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'ला २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले. इथे बसलेल्या कित्येकांना त्या दिवशी घरचं कुणी गेल्यासारखं झालं होतं, ते आपल्या ग्रुपवरच्या निरोपांवरून मला माहीत आहे.

महाविष्णूच्या पहिल्या संचाच्या वाट्याला असं काही आलं नाही. काल जेवताना एकानं विचारलं, पुढे समेट झाला असता तर? झाला असता तर छान झालं असतं, त्यात काय. पण मॅक्लॉफ्लिननं त्या काळचं संगीत खूप वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेत पुन्हा वाजवलं, तेव्हाही त्याच्याबरोबर वेगळी माणसं होती.

आता लेअर्ड. हा लंडनच्या रॉनी स्कॉट क्लबात मोठमोठ्या पाहुण्या वादकांना बेसची साथ करायचा. नोकरीच होती ती. आज हा आला, त्याच्याबरोबर. उद्या तो, त्याच्याबरोबर. महाविष्णूतही त्याचं काम तेच. चौघे आकाशात गेलेले असताना खाली कुणीतरी जमीन धरून बसायचं. तबल्याचा एकल असतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात ना, तेच ते सोळा मात्रांचं तेच ते; ऐकणारे तबलजीला दाद देतात आणि लेहरेवाल्याकडे कुणी बघत नाही. पण त्याची एक मात्रा हलू द्या, मग बघा तबलजी कसा कोसळतो. मी शाळेत तबला वाजवायचो, म्हणून लेहरेवाल्याची किंमत मला माहीत आहे. 'ड्रीम' वाजेल तेव्हा एकदा फक्त बेस ऐका, बाकीचं सगळं सोडून. अवघड जातं, कारण कान आपोआप गिटारकडे पळतात. पण धरून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं हा माणूस काय काय झेलतोय ते ऐकू येईल.

संच मोडल्यावर तो काही वर्षं स्टॅन गेट्झ, चिक कोरिया अशा मोठ्यांबरोबर वाजवत राहिला. १९८२ च्या सुमारास त्यानं वादन थांबवलं आणि छायाचित्रकार झाला. त्यातच पुढचं आयुष्य काढलं. २०२१ च्या जुलैमध्ये तो गेला. १९९९ साली फिती बाहेर आल्या तेव्हा त्याची ती तीन मिनिटांची धून त्या पाच जणांच्या वादनात जगानं पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकली, आणि तोवर त्याला वादन सोडून सतरा वर्षं झाली होती.

मी ती धून काही वर्णन करून सांगत नाही. नाव 'स्टेपिंग्ज टोन्स', पायऱ्या चढत जाणाऱ्या स्वरांचं. आवाज कमी ठेवतो, बाईंना त्रास नको. ही संपली की खाली चहा आहे, आणि समितीनं सांगितलंय की कप धुऊन ठेवायचे आहेत.

(इथे 'स्टेपिंग्ज टोन्स' पूर्ण वाजवली.)